जोगदऱ्यातलं जावळ

मांजरसुंब्याला जीप थांबली. चहाला सगळे उतरले, उज्ज्वला तेवढी उतरली नाही. मांडीवर जिजा झोपली होती, हे निमित्त. खरं म्हणजे खाली उतरलं असतं तर ढाब्यावरच्या बाकड्यावर सासू शेजारी बसली असती. साखराबाईचा हात कधी रिकामा राहत नाही, तो नातीच्या टोपड्याकडे गेलाच असता.

"टोपडं काढ की गं लेकराचं," खिडकीतून चहाचा पेला आत देत साखराबाई म्हणाली. "घामानं डोकं भिजलं असंल."

"वारं लागतंय, आत्या."

"कुठं हाय वारं? झाडाचं पान हालंना झालंय."

उज्ज्वलानं पेला घेतला आणि सासूची पाठ फिरल्यावर टोपड्याची गाठ चाचपून पाहिली. सकाळपासून ही सातवी का आठवी वेळ.

टोपड्याच्या आत, जिजाच्या डाव्या कानाच्या वर, दोन बोटं मावतील एवढ्या जागेतले केस बाकीच्यांपेक्षा आखूड होते. अकरा महिन्यांच्या पोरीचं जावळ मानेपर्यंत आलं होतं, काळंभोर, टोकाला वळलेलं. तेवढीच जागा मागे राहिली होती. तेल चोपडून, वरचे केस तिच्यावर ओढून उज्ज्वला ती झाकत आली होती.

चैत्रातली गोष्ट. जिजा तेव्हा चार महिन्यांची. सासरची माणसं मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेली आणि उज्ज्वला बाळंतपणापासून माहेरीच. पोरीला जुलाब लागले, दोन दिवसांत टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांतून पाणी यायचं थांबलं. धाकट्या भावानं, परमेश्वरनं, दोघींना मोटारसायकलवर घालून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. हाताची शीर सापडेना, पायाची सापडेना. मग नर्सबाईनं कानाच्या वर ब्लेड फिरवलं आणि तिथल्या शिरेत सुई घातली. चार दिवस सलाइन चाललं. पाचव्या दिवशी पोर अंगावर पिऊ लागली.

हे सगळं सांगण्यासारखंच होतं. पण साखराबाईला नाही.

साखराबाईचं पहिलं लेकरू सात महिन्यांचं होऊन गेलं होतं. फार जुनी गोष्ट, उज्ज्वलाच्या नवऱ्याच्या, बद्रीनाथच्या, जन्माच्याही आधीची. पाल ठोकून कुठल्याशा रानात राहिले होते, लेकराच्या डोक्यात गळवं झाली, आणि शेजारच्या पालातल्या कुणा बाईनं चांगुलपणानं चार बटा कातरून तिथं हळद भरली. पंधरा दिवसांत लेकरू गेलं. जावळ सटवाईचं असतं, तिला वाहण्याआधीच लोखंड लावलं म्हणून तिनं नेलं, हे साखराबाईच्या मनात जे बसलं ते बसलंच. तिनं स्वतः हे कधी सांगितलं नव्हतं. उज्ज्वलाला नवऱ्याकडून कळलं होतं. पण माहेरी निघताना सासूनं हात धरून एवढं बजावलं होतं, "जावळ निघंस्तोवर लेकराच्या डोक्याला लोखंड लागू देऊ नको. बाकी तुला काय करायचं ते कर."

आता सांगितलं तर म्हातारी रागावली नसती. उज्ज्वलाला रागाची भीती नव्हतीच. ती झोपली नसती. रात्रभर पोरीच्या नाकाशी बोट धरून बसली असती.

म्हणून उज्ज्वलानं आजच्या दिवसाची मनाशी जुळणी केली होती. जोगदऱ्यात सटवाईपुढं जावळ काढलं की डोकं सरसकट गुळगुळीत होणार, कुठला केस लांब आणि कुठला आखूड याचा पुरावाच राहणार नाही. अडचण एकच होती. ती अडचण जीपच्या पुढच्या सीटवर बसून आली होती आणि तिच्या मांडीवरच्या पिशवीत लोकर कातरायची कातर होती.

सासऱ्यांच्या, म्हाळूआबांच्या घरातली रीत अशी की पहिली बट घरच्या वडीलधाऱ्यानं काढायची, त्याच कातरीनं. मग बाकीचं न्हावी बघतो. आणि म्हाळूआबांच्या बोटांना डोळे होते. आष्टीच्या बाजारात त्यांनी एका मेंढीच्या पाठीवरची लोकर चिमटीत धरून व्यापाऱ्याला सांगितलं होतं, ही दिवाळीच्या सुमाराला आठ दिवस आजारी होती. व्यापारी नाही नाही म्हणाला आणि शेवटी मान खाली घालून हो म्हणाला. आजारात लोकरीची वाढ थांबते, तिथं तार बारीक पडते, आबांना ती हाताला लागते. अशा माणसाच्या चिमटीत जिजाचे केस जायला नको होते.

म्हणून तिनं परमेश्वरला फोनवर पढवून ठेवलं होतं. "मामाच्या मांडीवर पोर बसली की तूच म्हण, आमच्यात मामाच पहिली बट काढतो. आन् डाव्या कानावरचीच काढ, झटक्यात."

"आन् म्हातारं आडवं आलं तर?"

"तू मामा हायेस. तुझ्यापुढं कोण आडवं येतंय?"

"बरं अक्का. साडेदहापर्यंत मी मोकळा होतो बघ."

परमेश्वर आता जोगदऱ्यातच कामाला होता. पुण्याहून-संभाजीनगराहून हौशी माणसं यायची आणि कड्यावरून दोरानं खाली उतरायची. लहानपणी शेळ्यांच्या मागं हेच कडे चढलेला परमेश्वर त्यांचा दोर बांधायचा.

जीप ज्वारीच्या रानातून चालली होती. सगळं सपाट, कुठं डोंगर म्हणून दिसेना, आणि एकाएकी पुढची जमीन संपली. बालाघाट असाच आहे, वर चढायला कमी आणि खाली उतरायला जास्त. दरीच्या काठावर पिवळ्या टोप्या घातलेली माणसं उभी होती, पलीकडच्या अंगानं धबधब्याची बारीक झालेली धार पडत होती आणि तळाशी महादेवाच्या देवळाचा कळस होता, वरून पाहिल्यावर लिंबाएवढा.

"पायऱ्या तर चांगल्या बांधून काढल्यात," साखराबाई दोराला लोंबणाऱ्यांकडं बघत म्हणाली. "मंग ही माणसं दोरीनं कावून उतरायलीत?"

"हौस असती, आई," बद्रीनाथ म्हणाला.

"आपली मेंढी कड्याला अडकली तर आपुन दिवसभर उपाशी ऱ्हातो. आन् ही आपल्या पायानं जाऊन अडकायलीत."

पाचशे पायऱ्या उतरताना उज्ज्वलानं पोर कुणाकडंच दिली नाही. "तुला दम लागलाय, आण इकडं," असं बद्रीनाथ दोनदा म्हणाला. त्याला पोळ्याच्या सणाला तिनं सगळं सांगितलं होतं. ऐकून तो म्हणाला होता, बघू. त्या बघूत अजून काही बघितलेलं नव्हतं.

खाली गारवा होता. धारेचे तुषार पार देवळाच्या पायरीपर्यंत येत होते. देवळाच्या मागं, उंबराखाली, सटवाईचे तांदळे, शेंदूर लावलेले गोल दगड होते. तिथं आधीच दोन जावळं चालली होती आणि न्हावी एकटा. साखराबाईनं नारळ, हळदकुंकू, खण मांडला. केस जमिनीला लागू नयेत म्हणून झेलायला नवी चोळी आणली होती, ती पसरली. साडेदहा वाजून गेले. उज्ज्वला मोबाइल वर धरून फिरत होती. खाली रेंजचं नाव नव्हतं.

"कुठं हाय तुझा भाऊ?" साखराबाईनं विचारलं.

उज्ज्वलानं वर बघितलं आणि तिला तो दिसला.

कड्याच्या मधोमध, दीडशे फुटांवर, नारिंगी शर्टातला एक जाडजूड माणूस दोराला लटकून थांबला होता. ना वर, ना खाली. दोन्ही हातांनी त्यानं दोर छातीशी कवटाळला होता. त्याच्या शेजारी दुसऱ्या दोरावर परमेश्वर लोंबत होता आणि त्याच्याशी बोलत होता. देवळापुढं जमलेली माणसं मोबाइल उभे धरून बघत होती.

"किती वेळ झाला हो?" उज्ज्वलानं एकीला विचारलं.

"अर्धा तास तरी. हात सोडंनाच झालाय तो माणूस."

दरीत आवाज घुमतो. परमेश्वरचं एकेक बोलणं खाली ऐकू येत होतं. "सर, खाली नका बघू. माझ्याकडं बघा. नाश्ता केला का? काय खाल्लं? पोहे? कांदा होता का त्यात?" मध्येच तो जिभेनं टाळूला टचटच आवाज करायचा, बुजलेल्या शेळीला करतात तसा. उज्ज्वलानं जिजाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. दवाखान्यात त्या पहिल्या रात्री जिजाच्या उशाशी उभा राहून तो हाच आवाज करत होता.

"लवकर उतर रे," ती पुटपुटली. कुणाला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"ओढू न्हाई त्याला," शेजारी येऊन उभे राहिलेले आबा म्हणाले. "बुजलेलं जनावर ओढलं की आणखी ताठतं. पोरगं बराबर करायलंय. दमानं येईल."

पण दम कुणाला होता? न्हाव्यानं दुसरं जावळ संपवलं आणि वस्तरा पुसत विचारलं, "तुमचं घ्यायचं का? मला बाराच्या आत आष्टीची गाडी गाठायचीय." जिजा उठली होती, भुकेनं कुरकुरत होती. उद्या पहाटे मेंढरं बाहेर पडायची होती, ती थेट ज्येष्ठात परतणार, आणि तोवर पोरीला वर्ष होऊन गेलं असतं. आज म्हणजे आजच.

"मामाच्या मांडीवाचून वस्तरा लावायचा न्हाई," साखराबाई म्हणाली, "पण पहिली बट काढायला काय हरकत हाय? तुमी काढा. तवर येतंय पोरगं."

आबांनी पिशवीतून कातर काढली. कुंडाच्या पाण्यात धुतली, धोतराला पुसली. उज्ज्वला पोरीला घेऊन एक पाऊल मागं सरली.

"आबा, जरा थांबू की. आमच्यात मामाच काढतो पहिली बट."

"आमच्यात म्हंजी कुणात?" साखराबाई हसली. "लग्नाला अडीच वर्षं झाली, आजून तुझं आमच्यात तिकडंच हाय व्हय?"

"तसं न्हाई, आत्या."

"मंग कसं? सकाळपसून बघायलेय. मांजरीनं पिलू फिरवावं तशी पोरीला घेऊन फिरायलीस. आण इकडं."

साखराबाईनं हात पुढं केला आणि टोपड्याची नाडी धरली. उज्ज्वलानं तिचं मनगट धरलं.

सासूचं मनगट तिनं आजवर कधी धरलं नव्हतं. हाडकुळं होतं, बांगड्यांखाली गरम. साखराबाईनं आधी आपल्या मनगटाकडं बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडं. वर परमेश्वर म्हणत होता, "एक बोट सोडा सर. हात नको, एकच बोट सोडा."

"आत्या," उज्ज्वला म्हणाली, "तिच्या डोक्याला लोखंड लागलंय."

मग ती थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बाहेर आलं नसतं. जुलाब, खोल गेलेली टाळू, मोटारसायकल, न सापडलेल्या शिरा, ब्लेड, चार दिवस. बोलताना तिनं मनगट तसंच धरून ठेवलं होतं. संपलं तेव्हा सोडलं.

पहिल्यांदा आबा बोलले. हातात उघडी कातर, चेहरा चुकल्यासारखा.

"ब्लेड फिरवलंतं व्हय? मला वाटलं, तापानं गळाले."

साखराबाई त्यांच्याकडं वळली. "तुमाला ठावं होतं?"

"ज्येष्ठात घरी आलो आन् पोर मांडीवर घेतली, तवाच हाताला लागलं. चैत्रात पोरीच्या अंगावरनं कायतरी जाऊन आलंय, एवढं कळलं. मेंढरू आजारलं की लोकर तुटती, तसंच समजून गेलतो मी."

"एका बाजूचीच तुटती का लोकर?"

"तुटती कवा कवा," आबा म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, "न्हाई तुटत."

"आन् मला सांगितलं न्हाई."

"तू झोपली नसतीस."

साखराबाईनं लेकाकडं बघितलं. बद्रीनाथ कुंडातल्या पाण्यात कायतरी शोधत होता. "तुला बी ठावं होतं?"

"पोळ्याला कळलं, आई."

"म्हंजी मीच एकली." ती खाली बसली. जिजाला उज्ज्वलाच्या हातातून घेतलं, नाडी सोडली, टोपडं काढून बाजूला ठेवलं. तिची बोटं आबांच्या बोटांसारखी शिकलेली नव्हती, पण जागा तिला लगेच सापडली. ती तिथंच थांबली.

"किती टाइम सुई होती हितं?"

"चार दिवस."

"ती केसं कुठं गेली?"

"नर्सबाईनं कापसासंगं उचलली. डब्यात टाकली." हे सांगताना उज्ज्वलाचा आवाज खाली गेला. सात महिने तिला स्वतःला हेच टोचत होतं. ब्लेड नाही, सुई नाही. तो डबा. पोर शिंकली तरी तिला तो लाल झाकणाचा डबा दिसायचा आणि मग स्वतःचाच राग यायचा, बारावी शिकूनही आपल्या मनात असलं येतं म्हणून.

साखराबाई पोरीला घेऊन उठली आणि तांदळ्यांपुढं जाऊन बसली, सगळ्यांकडं पाठ करून. न्हाव्यानं तोंड उघडलं, आबांनी हातानं त्याला थांबवलं. काय बोलते हे ऐकू येत नव्हतं. पाठ तेवढी दिसत होती, आणि तिच्या खांद्यावरून जिजाचा हात, शेंदूर धरायला पुढं झालेला. आता पोरीला हिच्यापासून सोडवायची कशी, ही म्हातारी आता उद्या मेंढरांमागं जाणार नाही, गेली तरी फोन करून करून जीव घालवील, आणि हे सगळं आपल्यामुळं, असं काय काय उज्ज्वलाच्या डोक्यात फिरत राहिलं. तिनं उंबराला एक फेरी घातली. मग आणखी एक घातली.

देवळापुढं टाळ्या वाजल्या. नारिंगी शर्ट जमिनीला लागला होता. तो माणूस परमेश्वरच्या गळ्यात पडून रडत होता, आणि परमेश्वर त्याच्या पाठीवर थापट्या मारत, त्याच्या खांद्यावरून बहिणीला हातानं खूण करत होता की आलो, आलोच.

तो धापा टाकत आला. कमरेला अजून पट्टे आणि कड्या वाजत होत्या. पढवलेलं त्यानं लगेच म्हणून टाकलं, "आमच्यात मामाच पहिली बट काढतो हां, आबा."

उज्ज्वलानं त्याला मानेनंच नको म्हणून खुणावलं. "अक्का, काय झालं?" तो हळूच म्हणाला.

"बस," साखराबाई मागं वळून म्हणाली. "मांडी घालून बस. त्या कड्या काढ आधी, पोरीला टोचतील." तिनं जिजाला त्याच्या मांडीवर ठेवलं. मग आबांना म्हणाली, "उजव्या बाजूची बट काढा. आन् तुमी," ती न्हाव्याला म्हणाली, "सगळं काढायचं. ह्या कानावरची जागा सोडून."

"सोडून म्हंजी?"

"सोडून म्हंजी सोडून. वस्तरा लावायचा न्हाई तिथं."

"आवो मावशी, असं कुठं जावळ असतंय का? लोक मला हसतील. म्हणतील, न्हावी मधीच उठून गेला."

"हसू द्या. जावळ म्हंजी आईच्या पोटातनं आणलेली केसं. ती देवीची. हितली त्यानंतर आलीत. ही हिची हाईत, हिनं कमावलेली. ती कावून द्यायची?"

न्हाव्यानं आबांकडं बघितलं. आबांनी जरा विचार करून मान हलवली. हिशेब त्यांना पटला होता.

"आन् ती डब्यात गेलेली, आत्या?" उज्ज्वलानं विचारलं. विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

साखराबाई चोळी पसरून केस झेलायला बसली होती. तिनं वर बघितलं नाही. "त्याचं मी बोलले तिच्याशी. माझं एक लेकरू हाय तिच्याकडं. मूठभर केसांसाठी ती माझ्यापुढं तोंड उघडायची न्हाई."

कातर एकदा वाजली. मग वस्तरा चालू झाला. जिजा मामाच्या मांडीवर आधी रडली, मग परमेश्वरनं टाळूला जीभ लावून टचटच केलं तशी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. अर्ध्या तासात तिचं डोकं गोरंपान गोल निघालं, आणि डाव्या कानाच्या वर तेवढा एक काळा झुपका, वाऱ्यावर हलणारा. सहलीला आलेल्या दोन पोरी तोंडावर हात धरून हसल्या. एकीनं फोटो काढू का विचारलं.

"काढा," साखराबाई म्हणाली. "कानाकडनं काढा."

परमेश्वर भाचीकडं बघून म्हणाला, "अक्का, आता हिला कुठंबी हरवायची भीती न्हाई. लांबनं वळखू येती."

केसांची चोळी धारेखाली सोडली, नारळ फुटला, चार घास खाल्ले आणि चढण सुरू झाली. साखराबाईनं पोर स्वतःकडंच ठेवली. उज्ज्वला एक पायरी मागं, हात पुढं धरून. तिला जे भय होतं तेच झालं. दर दहा पायऱ्यांवर साखराबाई थांबायची, जिजाच्या नाकाशी बोट न्यायची, झुपक्यावरून तळवा फिरवायची आणि पुन्हा चढायची. पोर गाढ झोपली होती.

"आत्या, द्या माझ्याकडं. दमलात."

"ऱ्हाऊ दे."

आणखी दहा पायऱ्या झाल्या. वर कड्यावरून कुणीतरी नवा माणूस दोराला लागला होता, पण म्हातारीनं तिकडं मान वळवली नाही.

"सुई घातली तवा रडली का गं?"

"न्हाई, आत्या. तवा रडायचं बळच नव्हतं."

"आन् काढली तवा?"

"तवा लई रडली. सगळा वॉर्ड गोळा झाला."

"रडली ना," साखराबाई म्हणाली आणि त्या एका दमात वळणापर्यंत चढून गेली. तिथं कठड्याला टेकली. छाती खालीवर होत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, शेजारची जागा हातानं झाडली.

"बस हितं. मधलं सांगितलंच न्हाईस तू. पहिल्या दिवशी काय झालं, मोटारसायकलवर बसल्यापसून सांग. पोरीला पुढं धरलीतीस का मधी?"

"मधी," उज्ज्वला बसत म्हणाली. "माझ्या आन् परमेश्वरच्या मधी. ऊन लई होतं, आत्या, म्हणून वरनं ओला टॉवेल धरला होता."

"कुणाचा टॉवेल?"

"परमेश्वरचा."

"बरं. मंग?"

आबा आणि बद्रीनाथ वर निघून गेले होते, जीपवाला हॉर्न वाजवत होता. उज्ज्वला सांगत राहिली.